लग्नाच्या डीव्हीडीला बाहेरून आधार

सोलापुरात शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीतल्या कपाटांत लग्नाच्या, बारशाच्या किंवा गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या डीव्हीडी सापडणे नवलाचे नाही. अडचण अशी, की आजच्या बहुतेक लॅपटॉपना डिस्क घालायला जागाच नसते. म्हणून यूएसबीला जोडायचा डीव्हीडी रायटर मला आजही गरजेचा वाटतो. प्रत्येक घरात नको, वाड्यात मिळून एक पुरे. कोऱ्या डिस्कवर रंगद्रव्याचा पातळ थर असतो, लेसरने त्यावर खुणा उमटतात आणि त्याच पुढे वाचल्या जातात. हा थर उष्णतेने व उन्हाने खराब होतो. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जुन्या डिस्क आताच वाचून हार्ड डिस्कवर उतरवून घेतलेल्या बऱ्या.

मग नव्या डिस्क लिहायच्याच कशाला, पेन ड्राइव्ह आहे की? आक्षेप रास्त आहे. डीव्हीडीत जेमतेम 4.7 जीबी मावतात. पण पेन ड्राइव्हवरचा मजकूर चुकून पुसला जातो, व्हायरसही तो बदलू शकतो. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर बंद केलेले सत्र, म्हणजे एका वेळी लिहिलेला मजकूर, तसे बदलता येत नाही. निवडक फोटो आणि कागदपत्रे यांची दुसरी प्रत म्हणून ती उपयोगी पडते. रायटर मध्येच बंद पडत असेल, तर बहुधा वीज अपुरी पडते: जुना यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअँपिअरपर्यंतच वीज देतो. हब टाळून थेट संगणकाला जोडा, वेग कमी ठेवा, आणि लिहून झाल्यावर पडताळणी करायला विसरू नका.