सगळं ‘ओके’ असलेली टीम

ओरडणारा बॉस लगेच ओळखू येतो. मला आज बोलायचंय ते गोड, शांत टीमबद्दल.

माझी पहिली नोकरी पुण्यात. आठ जणांची टीम, भांडण नाही, तंटा नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये सर विचारायचे, “काही अडचण?” आम्ही एका सुरात, “नाही सर!” खरी मीटिंग नंतर चहाच्या टपरीवर भरायची. दिलेल्या तारखेला काम होणार नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत असायचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही दोन. सर असलेल्या ग्रुपवर नुसते अंगठे, नसलेल्यावर खरं काय ते.

एकदा एका सहकारी मुलीने चूक दाखवली, तर सर हसून म्हणाले, “तुला फारच वेळ दिसतोय.” सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर ती मीटिंगमध्ये बोललीच नाही.

पुढे क्लायंटला चुकीची फाइल गेली. चूक मी आदल्या दिवशीच पाहिली होती, पण गप्प बसलो. बोलणी खाल्ली ती सगळ्यात नवीन मुलाने. त्याने फक्त ‘पाठव’ म्हटल्यावर पाठवली होती. तेव्हाही मी गप्पच.

एमी एडमंडसन आज हार्वर्डमध्ये शिकवतात. १९९० च्या दशकात त्यांनी हॉस्पिटलमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील, असं त्यांना वाटलं होतं. निघालं उलटंच! चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. कारण ती माणसं चुका लपवत नव्हती, मोकळेपणाने बोलत होती. यातूनच पुढे त्यांनी टीमच्या ‘मानसिक सुरक्षितते’वर काम केलं.

म्हणून आपल्या टीमकडे जरा बघा. वाईट बातमी सरांपर्यंत सगळ्यात शेवटी पोचते का? चूक झाली की आधी ‘काय झालं’ विचारतात की ‘कोणी केलं’? पूर्वी बोलणारं कोणी अचानक गप्प झालंय का?

लगेच बॉसशी भांडा असं मी म्हणत नाही. घरभाडं, ईएमआय सगळ्यांनाच आहे. पण पुढच्या वेळी कोणी अडचण मांडली, तर एवढंच म्हणा, “हो, मलाही हे दिसलंय.” एकटं माणूस लगेच गप्प होतं, दोघांना गप्प करणं अवघड जातं.

नोकरी सोडताना मी त्या मुलाला खरं सांगितलं. तो म्हणाला, “दादा, हे तेव्हा बोलायला हवं होतंत.”

बरोबर होतं त्याचं.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.