हस्तव्यवसाय आणि आपली मुले
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



"पोराला शिकायला पाठवितो, कुंभार व्हायला नव्हे," असे एका पालकांनी मला तोंडावर ऐकविले. कार्यानुभवाच्या तासानंतर त्यांचा मुलगा कपडे मळवून घरी गेला होता. त्यांचा राग मी समजू शकतो. पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्या बापाला मुलाच्या हाती पुस्तकच दिसावेसे वाटते.

परंतु १९३७ साली वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन, जे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. हस्तव्यवसाय शिक्षणाच्या केंद्रस्थानी असावा, असे या समितीने सुचविले. हेतू हा, की हाताबरोबर बुद्धीही चालावी.

आमच्या वर्गात मुले माती चाळतात, भिजवितात, आत हवा राहू नये म्हणून चांगली तिंबतात. चाकावाचून अडत नाही. गोळ्यात अंगठा दाबला की वाटी होते. वळ्या एकावर एक रचल्या की फुलदाणी. सांध्यावर ओरखडे काढून तो पातळ चिखलाने जोडायचा, काडीने वेलबुट्टी कोरायची आणि भांडे सावलीत सावकाश सुकू द्यायचे. ऊददाणी, पाखरांसाठी पाण्याचे भांडे, अशी घरात उपयोगी पडेल तीच वस्तू आम्ही करतो.

पहिल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या घाईत मी ओलसर भांडीच भट्टीत घालायला दिली. बरीचशी फुटली. मुले रडवेली झाली. कुंभारदादांनी एक खापरी उचलून दाखविली. बूड जाड, आत ओल राहिलेली. तिची वाफ झाली आणि भांडे फुटले. चूक माझी होती. ती मी वर्गात कबूल केली.

दुसऱ्या दिवशी गणितात मागे असलेला एक मुलगा खापऱ्यांची जाडी पट्टीने मोजून वहीत मांडीत बसला. तो त्याच पालकांचा मुलगा! त्याने नंतर केलेली ऊददाणी आज त्यांच्या घरी आहे.

कच्चे भांडे बिघडले तर माती पुन्हा भिजविता येते, भाजल्यावर नाही. मुलांचे हे वयही कच्चेच आहे. म्हणून माझी विनंती एवढीच, की त्या दिवशी मुलांना जुने कपडे घाला आणि घरी आणलेले वेडेवाकडे भांडे फेकू नका.