ओल भिंतीची, सल्ला फोनचा

चैत्री यात्रा आटोपते, सासनकाठ्या आपापल्या गावी परततात, आणि मग आमच्या जोतिबाच्या डोंगरावर घरोघरी एकच विषय निघतो. पाऊस यायच्या आत घराचे काय करायचे? आमची वाडी रत्नागिरी समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फुटांवर. इथला पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त. धुके तर दार उघडे दिसले की पाहुण्यासारखे आत येऊन बसते.

माझे वडिलार्जित घर इथेच आहे. भिंती दगडमातीच्या, वर जुना चुन्याचा गिलावा. मी कोल्हापुरात शिकवतो. हाताने काम करण्याची हौस आहे, पण शिक्षण पुस्तकी. दोन वर्षांपूर्वी माजघराच्या भिंतीला गुडघाभर ओल दिसली. गवंडी मिळेना. तेव्हा आजकाल आपण सगळेच करतो तेच मी केले. फोन काढला आणि ‘भिंतीची ओल’ असे लिहून शोधले. सात मिनिटांच्या एका चित्रफितीत एका गृहस्थांनी सगळे सोपे करून दाखवले. जुना गिलावा खरवडा, सिमेंटमध्ये अमुक द्रव्य घाला, लिंपा, रंग द्या. मे महिन्याची माझी सुटी त्यात गेली. भिंत मात्र आरशासारखी झाली!

श्रावणात पाहतो तो ओल कमरेपर्यंत चढलेली.

गल्लीतले एक वयस्कर गवंडी बघायला आले. भिंतीवरून हात फिरवून म्हणाले, “सर, भिंतीला रेनकोट घातलासा. आता घाम जायाचा कुठनं?” एवढ्या एका वाक्यात सगळे शास्त्र आले. मातीत बांधलेली भिंत जमिनीतले पाणी थोडेफार वर ओढतेच. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, त्यातून ते पाणी वाफ होऊन बाहेर पडते. सिमेंटच्या घट्ट थराने ती वाट बंद होते आणि पाणी आणखी वरची वाट शोधते. त्या गृहस्थांचा उपाय खोटा नव्हता, तो त्यांच्या विटा-सिमेंटच्या भिंतीचा होता. माझी भिंत कशाची आहे, हे मी त्यांना सांगितलेच नव्हते, आणि फोन तर ते विचारत नाही.

मग मी प्रश्न बदलला. भिंत कशाची? दरजा कशाच्या? पाणी छपरातून येते, बाहेरून की जमिनीतून? ‘दगडमातीची जुनी भिंत, जमिनीतून चढणारी ओल, चुन्याचा गिलावा’ असे लिहून शोधल्यावर निराळीच माणसे भेटली. लॉरी बेकर हे त्यांतले एक. १९१७ साली इंग्लंडात जन्मलेले हे वास्तुविशारद पुढे केरळात स्थायिक झाले आणि २००७ साली तिथेच वारले. स्वस्त आणि टिकाऊ घरांविषयीच्या त्यांच्या छोट्या पुस्तिका इंटरनेटवर मिळतात. चित्रे त्यांनी हाताने काढलेली, इतकी बोलकी की इंग्रजी अर्धेच कळले तरी भागते. भारतीय मानक ब्यूरोची बांधकामाची मानकेही त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. भाषा रुक्ष आहे खरी, पण तिथे कुणी तुम्हाला डबा विकायला बसलेला नाही. मराठी विश्वकोशही आता फोनवर वाचता येतो.

शिक्षकबंधूंनो, पाबळचा विज्ञान आश्रम तुम्हाला ठाऊक असेल. डॉ. कलबागांनी १९८३ साली तो सुरू केला, हाताने काम करता करता शिकावे म्हणून. शाळेच्या गळक्या पागोळीपाशी मुलांना उभे करा आणि फोन उघडण्याआधी पाच प्रश्न लिहून काढायला सांगा. उत्तरे मागाहून शोधू देत.

चित्रफीत पाहताना मी आता एकच कसोटी लावतो. काम झाल्यावर लगेचची भिंत दाखवली आहे, की पावसाळा गेल्यानंतरची? पहिल्या दिवशी सगळ्याच भिंती देखण्या असतात.

विजेचे काम मात्र मी फोन पाहून करीत नाही. परदेशी चित्रफितींत पुष्कळदा निळी तार न्यूट्रल असते. आपल्याकडे पूर्वापार न्यूट्रल काळी आणि निळी ही तीन फेजांपैकी एक. एवढा एक गैरसमज जिवावर बेतू शकतो. ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक बटण परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावे, त्यात काटकसर नको.

तर मग माझ्या भिंतीचे काय झाले? सिमेंट छिनून काढले. बाहेरच्या बाजूला वर्षानुवर्षे मातीचा भराव चढून जोत्याच्याही वर आला होता, तो उपसला, पाणी वाहून जायला उताराचा चर काढला आणि पुन्हा चुन्याचा गिलावा केला. खरे पाहता निम्मे काम त्या चरानेच केले असावे. गेल्या पावसाळ्यात ओल वीतभर राहिली. एका कोपऱ्यात अजून आहे.

यंदा न्हाणीघराची भिंत काढायची आहे. कळीचा चुना भिजवताना तो उकळतो, म्हणून पाण्यात चुना थोडा थोडा टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये, डोळ्यांना चष्मा लावावा आणि पोरांना लांब ठेवावे. चुना जितका जास्त दिवस भिजेल तितका चांगला. तेव्हा पिंप आजच धुऊन ठेवायला हवे.