जुनं फ्लाइट जॅकेट, नवी चेन आणि एकदाच उसवायचं अस्तर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी ही आजच्या भागाची लेखी आवृत्ती. विषय आहे जुनं लेदर फ्लाइट जॅकेट, आणि ते खिसा न कापता दुरुस्त करणं.

‘टॉप गन’मध्ये टॉम क्रूझनं घातलेलं केसाळ कॉलरचं जॅकेट आठवतंय? ते नौदलाचं, जी-१. आज बोलायचंय ए-२ बद्दल. अमेरिकी सैन्याच्या एअर कोअरनं हे १९३१ मध्ये अधिकृत केलं. बहुतेक घोड्याच्या कातड्याचं, समोर चेन, झाकणाचे दोन खिसे, मनगटाला आणि कमरेला लोकरीची रिब. पाठीला अखंड एकच तुकडा, मध्ये शिवण नाही. आज इंग्लंड, जपान, अमेरिकेत लोक त्याच्या हुबेहूब प्रतिकृती बनवतात आणि त्या भयंकर महाग असतात.

माझ्याकडे आलेली प्रतिकृती मामाची. मामा मर्चंट नेव्हीत होता, इंग्लंडमध्ये बोट लागली तेव्हा घेतलेली. मग रत्नागिरीत पंधरा वर्षं ट्रंकेत. रिबला कसर लागली, चेनची खालची पिन तुटली, काखेत अस्तर फाटलं आणि उजव्या खिशाच्या कोपऱ्याला दोन इंचांची चीर. मामा म्हणाला, “तीन-चार हजारांत होत असेल तर कर नि तू वापर. नाहीतर टाकून दे, उगाच पैसे घालू नकोस.” म्हणजे बजेट ठरलेलं, आणि जमलं नाही तर जॅकेट कचऱ्यात.

पुण्यातल्या एका दुकानानं नऊ हजार सांगितले. त्यात वरून रंग मारणं आणि स्वेटशर्टवाली इलॅस्टिक रिब. नको म्हटलं. बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवावं तर जाण्यायेण्याच्या कुरियरमध्येच बजेट संपतं.

मग धारावी. सायन-बांद्रा लिंक रोडवर लेदरची दुकानं ओळीनं आहेत आणि मागच्या गल्ल्यांत जॅकेटं शिवली जातात. तिथल्या एका वयस्कर कारागिरानं जॅकेट उलटंसुलटं केलं, बाही हळूच दुमडून पाहिली आणि म्हणाला, “चमडा एकदम ठीक है. जो खराब है, वो सब बदलने वाला माल है.”

हीच तर गंमत आहे. या जॅकेटात आधी झिजतात त्या रिब, चेन आणि अस्तर. तिन्ही सुटे भाग. युद्धकाळातसुद्धा ते बदलून जॅकेटं परत वापरात आणायचे. म्हणून पैसे टाकण्याआधी फक्त चामडं तपासा. दुमडल्यावर भेगा पडून भुकटी निघाली, किंवा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला, तर थांबा. त्यावर शिलाई टिकत नाही.

आता स्वस्तात कसं झालं ते. कमरेची रिब बदलायची तर खालची शिवण उसवावी लागते. चेनचं खालचं टोक त्याच शिवणीत अडकलेलं असतं. आणि ती उसवली की अस्तर आपोआप मोकळं होतं, म्हणजे चिरेच्या मागे हात पोचतो. तिन्ही कामं वेगवेगळ्या वेळी केली तर उसवण्याचे पैसे तीनदा. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर एकदाच बंद करा आणि सगळे पॅच एकदम टाका.

सामान मी स्वतः नेलं. लोकरीची रिब लुधियानाहून मागवली, ७०० रुपये. धातूची चेन २५०. शिलाई, चीर आणि काखेतलं अस्तर मिळून २,२००. एकूण ३,१५०.

(फक्त चेन मागून उघडत असेल तर आधी रनर बदलून बघा. कित्येकदा दात शाबूत असतात आणि झिजलेला असतो फक्त रनर. पिन तुटली असेल तर मात्र अख्खी चेन बदललेली बरी.)

काही ठिकाणी काटकसर करू नका. चामड्याला पडलेलं सुईचं भोक कापडासारखं बुजत नाही, म्हणून शिलाई जुन्याच भोकांतून घ्यायला सांगा. नवी ओळ मारली, त्यातही बारीक टाक्यांची, तर पोस्टाच्या तिकिटासारखं तिथूनच फाटतं. आमचा कारागीर तेवढ्या भागात मशीनचं चाक हातानं फिरवत होता. त्याला घाई करायची नाही. मी दोन चहा प्यायलो.

चीर शिवायची नाही. मागून पातळ बकऱ्याच्या चामड्याचं ठिगळ, लवचिक राहणाऱ्या गोंदानं चिकटवायचं आणि कडा जुळवून दाबून ठेवायच्या. जवळून पाहिलं तर रेघ दिसते, दिसू दे. आणि ए-२ चे खिसे वरून उघडतात, बाजूनं हात कोंबू नका. कोपरे तिथेच फाटतात.

रिब चामड्याच्या कडेपेक्षा आखूड कापून, ताणून शिवावी लागते, तरच ती कमरेला धरते. हे सांगायला गेलो तर कारागीर नुसता हसला.

एक अपवाद. तुमच्याकडचं जॅकेट खरंच दुसऱ्या महायुद्धातलं असेल तर यातलं काही करू नका, आधी जाणकाराला दाखवा. प्रतिकृती आहे तर बिनधास्त वापरा.

पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, बुरशी येते. रुंद हँगरवर, सुती कापड टाकून, हवा लागेल असं टांगा. रिबसाठी जवळ डांबराच्या गोळ्या, चामड्याला न चिकटता. मामाला फोटो पाठवलाय, त्याचा प्रश्न आलाय की जुनी चेन फेकली का. नाही फेकली.

तुमच्या शहरात असा कारागीर असेल तर कमेंटमध्ये गल्ली सांगा, नंबर नको. भेटू पुढच्या भागात.