मेंदूने द्यावयाची साक्ष



बाराव्या दिवशी आत्या पाळण्यावर वाकते आणि बाळाच्या कानात त्याचे नाव सांगते. ते नाव मेंदूपर्यंत पोहोचले की नाही, हा प्रश्न त्या मंगलप्रसंगी कुणाच्या मनात येत नाही. परंतु जन्मणाऱ्या दर हजार बालकांमागे एक ते तीन बालके अशी असतात, की ज्यांना ते ऐकूच आलेले नसते. जन्मतः अतिदक्षता विभागात राहावे लागलेल्या बालकांत हे प्रमाण कितीतरी अधिक आहे.

बहिरे अर्भक दिसायला वेगळे नसते. ते हसते, रडते, पहिले काही महिने हुंकारही देते. घरच्यांना शंका आलीच, तर थाळी वाजवून पाहिली जाते. थाळीबरोबर हवा हलते, पलंग थरथरतो, वाजवणाऱ्याची सावली पडते. मूल वळून पाहते आणि घर निश्चिंत होते. पुढे मूल बोलत नाही, तेव्हा ‘याचे आजोबाही उशिराच बोलू लागले होते’ असे वडीलधारे सांगतात. त्या सांगण्यात माया असते. पण दीड-दोन वर्षे निघून जातात, आणि भाषेचा पाया तर त्याच काळात घातला जात असतो. सहा महिन्यांच्या आत बहिरेपण ओळखले जाऊन उपचार सुरू झालेल्या मुलांची भाषा, उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा लक्षणीयरीत्या सरस असते, असे अमेरिकेतील कोलोरॅडो येथील योशिनागा-इटानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले.

मग सहा महिन्यांचे मूल सांगणार कसे? त्याने सांगण्याची आवश्यकताच नाही. ध्वनी कानात शिरला की श्रवणचेतेतून मस्तिष्कस्तंभापर्यंत सूक्ष्म विद्युत्‌लहरी उमटत जातात. १९६७ साली जेरुसलेममध्ये सोहमर व फाइनमेसर यांनी श्रवणचेतेचे असे प्रतिसाद बाहेरून नोंदवले. १९७१ साली ज्युएट व विलिस्टन यांनी मस्तिष्कस्तंभाच्या लहरींचे स्वरूप स्पष्ट केले. १९७४ साली हेकॉक्स व गॅलाम्बोस यांनी तान्ह्या मुलांतही त्या विश्वासार्हपणे मोजता येतात, हे सिद्ध केले. रुग्णालयात ‘बेरा’ या नावाने ओळखली जाते ती हीच तपासणी.

बाळाला दूध पाजून झोपवतात. कपाळावर आणि कानांमागे त्वचा पुसून लहान इलेक्ट्रोड चिकटवतात. सुई नाही, वेदना नाही. कानात ‘टक्‌टक्‌’ असा ध्वनी सोडला जातो. मेंदूचे उत्तर एका मायक्रोव्होल्टहूनही क्षीण असते आणि मेंदूच्या इतर विद्युत्‌हालचालींत ते बुडून जाते. म्हणून तोच ध्वनी सुमारे दोन हजार वेळा ऐकवून संगणक सरासरी काढतो. असंबद्ध गोंगाट एकमेकांना छेदत जातो. ध्वनीशी बांधलेले उत्तर तेवढे उरते. पहिल्या दहा मिलिसेकंदांतील लहरींपैकी पाचवी सर्वांत ठळक. आवाज कमी करत नेताना ती कोठे लोपते, यावरून श्रवणमर्यादेचा अंदाज बांधला जातो.

प्रसूतिगृहात प्रथम होते ती बहुधा याहून सोपी, डेव्हिड केम्प यांच्या १९७८ सालच्या शोधावर आधारलेली ‘ओएई’ चाचणी. ती अंतर्कर्णाचा प्रतिध्वनी टिपते. परंतु काही बालकांत, विशेषतः तीव्र कावीळ होऊन गेलेल्यांत, अंतर्कर्ण उत्तर देतो आणि पुढची चेता मात्र देत नाही. अशा बालकाला ‘ओएई’ निर्दोष ठरवते. म्हणूनच अतिदक्षता विभागातून घरी आलेल्या बाळासाठी ‘बेरा’चाच आग्रह धरावयास हवा.

पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, हा जगन्मान्य क्रम. मुंबईच्या उपनगरांत तो मोडण्याचे एक कारण फारच घरगुती आहे. बोरिवली वा मुलुंडची सून बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर माहेरी जाते. तेथे चाचणी झालीच नाही, किंवा झाली आणि ‘पुन्हा दाखवा’ असे लिहून मिळाले, तरी तो कागद माहेरच्या कपाटात राहतो. तीन महिन्यांनी बाळ सासरी येते तेव्हा लसीचे कार्ड सोबत असते. कानांचा विषय कुणी काढत नाही.

वास्तविक उपनगरांच्या दारातच या विषयाची राष्ट्रीय संस्था आहे. वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ साली स्थापन झाली. अंधेरी-बोरिवलीहून थेट गाडी आहे. घाटकोपरहून २०१४ पासून मेट्रोने अंधेरी गाठता येते, मुलुंडकरांना दादरला गाडी बदलावी लागते. लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी साहाय्य देणाऱ्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेची समन्वयक संस्थाही हीच. २०१३ साली पालघरहून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. साधन नाही, असे म्हणण्यास फारशी जागा नाही.

‘बेरा’ला मर्यादाही आहेत. ‘टक्‌’ हा ध्वनी प्रामुख्याने उंच पट्टीचा. खालच्या पट्टीतील श्रवण त्यातून नीट कळत नाही. कानात पाणी साचले असेल तर निष्कर्ष बदलतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची चेता अद्याप परिपक्व होत असते, म्हणून काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. आलेखात लहर दिसली नाही, तरी थोडे श्रवण शिल्लक असू शकते. श्रवणयंत्र लावून पाहिल्याशिवाय कुणीही अंतिम निवाडा देऊ नये. मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा असलेल्या घरांत, किंवा कुटुंबात आधी कुणी बहिरे असल्यास, शंकेची वाटही पाहू नये. चाचणीचा कागद लसीच्या कार्डालाच टाचून ठेवावा, म्हणजे माहेरहून निघताना तो मागे राहणार नाही.