तोफ कुणाची, चुंबक कुणाचं?
(उन्हाळी व्याख्यानमाला, कोथरूड)



युद्धाची बातमी आली की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले. सोनं घ्यावं का? आणि संरक्षण क्षेत्रातले शेअर घ्यावेत का? २४ फेब्रुवारी २०२२ला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं, सेन्सेक्स त्या एका दिवसात २,७०२ अंकांनी आपटला. तेल कडाडलं, की रंग, टायर आणि विमान कंपन्यांचा खर्च वाढतो. एवढं आता आपल्या कट्ट्यांवरही पाठ आहे. माझं भांडण आहे ते क्षेत्राची पाटी वाचून पैसे लावण्याशी.

मुंढव्याची भारत फोर्ज घ्या. मार्च २०२५मध्ये संरक्षण मंत्रालयाने ‘अटॅग्ज’ नावाच्या ३०७ तोफांचे करार केले, ओढगाड्या धरून सुमारे ६,९०० कोटींचे. तोफ १५५ मिलिमीटरची, आखणी आपल्या पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेची. मोठा वाटा भारत फोर्जला, उरलेला टाटांना. झालं, संरक्षणाचा शेअर! पण हीच कंपनी अमेरिकेतल्या अवजड ट्रकांसाठी क्रँकशाफ्ट घडवते, आणि त्याच वर्षी अमेरिकेने आयातशुल्क चढवलं. एकाच कंपनीत तणावाचा फायदाही आहे आणि फटकाही. मग कुठल्या रकान्यात टाकायची ती?

शिवाय युद्धातून आलेली मागणी युद्धाबरोबर जाऊ शकते. मुंबईने हे फार पूर्वी भोगलंय. १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्या कापसाचा पैसा मुंबईत लोटला. समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर सुद्धा लोकांनी डोळे झाकून घेतले. एप्रिल १८६५मध्ये दक्षिणेच्या जनरल लीने शस्त्रं ठेवली, युद्ध सरलं. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांवर चढलेला शेअर पुढे ८७ला विकला गेला. कापूस खरा होता हो, भाव उसना होता.

आता आकुर्डीला, बजाज ऑटोकडे या. एप्रिल २०२५मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. विजेवरच्या स्कूटरच्या मोटरमधलं चुंबक तापलं तरी त्याचं चुंबकत्व टिकावं म्हणून त्यात चिमूटभर डिस्प्रोसियम लागतं. गाडीच्या किमतीत त्याचा हिस्सा किरकोळ. पण त्याच्या तुटवड्यापायी ऑगस्टमध्ये विजेवरच्या चेतक स्कूटरचं उत्पादन शून्यावर येऊ शकेल, असा इशारा बजाज ऑटोला द्यावा लागला. ना गोळी, ना तोफ! पुढे माल मिळाला, गाडं सुरू झालं.

म्हणून वार्षिक अहवालात नफ्याच्या आधी मी दोन गोष्टी हुडकतो: कच्चा माल किती देशांतून येतो, आणि विक्रीतलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक कुठल्या देशात बसतो. पुष्कळ अहवाल हे धड सांगत नाहीत, तोही एक इशाराच. चुंबकं इथेच बनावीत म्हणून केंद्राने नोव्हेंबर २०२५मध्ये ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. कारखाने उभे राहून माल निघेपर्यंत मात्र चेतकची चावी थोडीफार बीजिंगच्याच खिशात आहे.