जुळविलेल्या मोटारीची काच

कारखान्यातून तयार होऊन आलेल्या मोटारीची पुढची काच तडकली, तर मालकाला फारसा विचार करावा लागत नाही. मोटारीचे नाव व साल सांगितले की दुकानदार नेमकी तीच काच काढून देतो. सुटे भाग जुळवून उभारलेल्या मोटारीचे मात्र तसे नाही. तिला छापील यादी नसते व भागांना ठरलेले क्रमांकही नसतात. तिची काच बदलावयाची म्हणजे बहुधा ती नव्याने घडवावयाची.

अशा मोटारींचा प्रघात इंग्लंडात विशेष वाढला. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ ही लहानशी दोन आसनी मोटार काढली. तयार मोटारीवर त्या काळी तेथे खरेदीकर द्यावा लागे. सुट्या भागांवर तो पडत नसे. त्यामुळे पुष्कळ हौशी लोकांनी भाग विकत आणून ती घरीच जुळविली. आपल्याकडे अलिबागजवळ कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्सने त्याच घाटाची ‘रोडस्टर’ बांधली. तिचे अंग फायबरचे. इंजिन अँबॅसडरला बसविले जाई ते इसुझूचे, १.८ लिटरचे.

अशी एखादी मोटार चिखलीत दुरुस्तीस आली, तर प्रथमदर्शनी काम सोपे वाटेल. इंद्रायणीकाठचे हे जुने गाव आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. एका अंगास भोसरी, नदीपलीकडे चाकण. आणि या दोन्ही ठिकाणी सेंट-गोबेन सेक्युरिट या कंपनीने मोटारींच्या काचांचे कारखाने काढले. परंतु मोठा कारखाना एका साच्यावर हजारो काचा घडवितो. एकच काच घडविणे त्याला परवडत नाही. राहिला जुन्या मालाचा मार्ग. चिखलीलगतची कुदळवाडी भंगाराच्या गोदामांसाठी प्रसिद्ध होती. तेथील हजारो बांधकामे महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली. तेव्हा जुन्यात जुळते शोधण्याची वाटही पूर्वीइतकी जवळची राहिलेली नाही.

अशा वेळी ‘कोणतीही काच कापून बसवा’ असा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावयास हवा. साधी काच फुटली की तिच्या सुऱ्या होतात. बाजूच्या खिडक्यांची काच सहाशे अंशांहून अधिक तापवून वाऱ्याच्या झोताने एकदम थंड केलेली असते. ती फुटली तर बारीक खडे होतात खरे. परंतु तडाखा बसताच ती सबंध ढासळते, आणि ती मागाहून कापताही येत नाही. पुढच्या बाजूस हवी ती थरांची काच. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच गृहस्थाच्या हातून १९०३ साली एक काचपात्र पडले. ते तडकले, पण विखुरले नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा सुकून बसला होता. त्यावरून सुचलेल्या काचेचे एकस्व त्याने १९०९ साली घेतले. आज दोन काचांमध्ये एका चिवट प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून उष्णता व दाब यांनी त्या एकजीव करितात. फुटली तरी तिचे तुकडे त्या पापुद्र्याला चिकटून राहतात. चेहरा व डोळे वाचतात. म्हणूनच १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील शंभरावा नियम पुढची काच थरांची मागतो, व तीतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जावा असे सांगतो. काचेवर भारतीय मानकाची खूण आहे की नाही, आणि कापल्यावर ती शिल्लक राहील की नाही, हे आधीच पाहावे.

सुदैवाने ‘सेव्हन’च्या घाटाची काच सपाट असते, आणि थरांची सपाट काच कापता येते. दोन्ही बाजूंनी हिऱ्याने रेघ मारून ती मोडावयाची, मधला पापुद्रा पात्याने कापावयाचा व कडा घासून घ्यावयाच्या. वक्र काचेस मात्र साचाच लागतो. तेथे खर्चाला इलाज नाही.

परंतु काच कापण्यापूर्वी एक प्रश्न विचारावयास हवा: जुनी काच तडकली कशाने? तड्याच्या उगमाशी चांदणीसारखी खूण असेल, तर दगड लागला असे समजावे. कोठेही मार नसता तडा कडेपासून निघाला असेल, तर दोष बहुधा चौकटीचा आहे. फायबरचे अंग लोखंडाहून अधिक लवते. चौकटीचा एखादा स्क्रू जास्त आवळलेला असला, किंवा काच धातूला टेकली असली, की खड्ड्याखड्ड्यागणिक तिच्यावर ताण येतो. चौकट पिळलेली असेल तर नवी काचही थोड्याच दिवसांत जुनीच्या वाटेने जाते.

याची परीक्षा सोपी आहे. मोटार सपाट जागी चारही चाकांवर उभी करावी. चौकटीच्या कोपऱ्यांतून कर्णांवर दोन दोऱ्या ताणून बांधाव्या. मध्यभागी त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या तर चौकट सरळ. मध्ये फट राहिली किंवा एकीने दुसरीला रेटले तर ती पिळलेली. आधी पीळ काढावा, मग पुठ्ठ्याचा फर्मा घ्यावा, आणि तोही चौकटीवरून. फुटक्या काचेवरून घेतल्यास तिची चूक नव्या काचेत उतरते. फर्मा सर्व बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर लहान ठेवावा. ती जागा रबराची. स्क्रू एकदम न आवळता आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावे.

काच बसल्यावर पाणी मारून गळती पाहावी, आणि पहिले काही दिवस खराब रस्त्यावरून आल्यानंतर कडा न्याहाळाव्या. कड स्वच्छ राहिली, तर चौकट खरोखर दुरुस्त झाली असे मानण्यास हरकत नाही. नवी तडकून तिसरी काच आणावी लागली, तर तो खर्च काचेपायी नव्हे, चौकट न तपासल्यापायी झाला असे समजावे.